शाळेची परीक्षा कोणी घ्यावयाची?

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पालकांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मी शिक्षणावर बोलावे अशी आपली आज्ञा झाली. शिक्षणाचे महत्त्व आपणांस पटवून देण्यासाठी मी येथे उभा नाही. ते ज्यांना पटलेले नाही असे घर आपल्या वस्तीत आज क्वचितच सापडेल. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शाळेत पाठविणारे आईबाप या सभेत बसलेले आहेत. मला बोलावयाचे आहे ते त्याच्या पुढच्या गोष्टीविषयी. मूल शाळेत गेले, हजेरीपटावर त्याचे नाव चढले, दरवर्षी ते वरच्या इयत्तेत बसले आणि तरीही त्याला वाचता आले नाही, तर तो दोष कोणाचा? आणि तो दोष ओळखावयाचा कोणी व कसा? या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नसेल, तर आपण आपली मुले शिक्षणाकडे पाठवीत नसून केवळ शाळेच्या इमारतीत पाठवीत आहोत, असे म्हणावे लागेल.

हा प्रश्न आजचा नव्हे. १९२७ च्या मार्च महिन्यात मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणावरील खर्चाची चर्चा चालली असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो सरकारपुढे मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी अवघी १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोचतात आणि उरलेली ८२ मुले पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात, ही गोष्ट त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिली. प्राथमिक शिक्षणाचा हेतू काय, हेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले. जे मूल शाळेच्या दारातून आत गेले, त्याने साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे आणि ती साक्षरता त्याला जन्मभर पुरली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. शाळा मोजण्याचे हे माप त्यांनी आपल्या हाती दिलेले आहे. किती मुले दाखल झाली, किती इमारती उभ्या राहिल्या, किती रुपये खर्ची पडले, या सर्व गोष्टी त्या मापापुढे दुय्यम आहेत.

दुसरी गोष्ट त्यांनी पुढच्याच वर्षी सांगितली. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे जाऊ लागला होता. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी जे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी असा इशारा दिला की, शाळा याप्रमाणे स्कूल बोर्डांच्या ताब्यात देणे थांबविले नाही, तर अस्पृश्य वर्गाचे शिक्षण फार मागे पडेल. या इशाऱ्यामागील कारण उघड आहे. ज्या गावात आपल्या माणसाला पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्या गावाच्या पुढाऱ्यांच्या हाती आपल्या मुलांची शाळा जाणार होती. शाळेत काय शिकवितात याइतकाच शाळा कोणाच्या हाती आहे हा प्रश्नही महत्त्वाचा असतो, हे त्यावरून दिसून येते.

आणि आपल्या खानदेशाची स्थिती त्यांनी दुरून ऐकलेली नव्हती. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून १९२९ साली खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्याकडे आले होते. त्याच दौऱ्याच्या अखेरीस चाळीसगाव येथे टांगेवाल्यांनी त्यांना बसवून घेण्याचे नाकारले. आपल्या लोकांनी त्यांचा मान राखण्यासाठी टांगा मिळविला आणि ज्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातीलच एका माणसाने लगाम हाती घेतला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. टांगेवाल्यांचा उन्मत्तपणा हा तिचा मुख्य धडा. परंतु तिच्यात आपल्यासाठी आणखी एक धडा आहे. मान राखण्याची इच्छा कितीही थोर असली, तरी लगाम कसा धरावयाचा हे ठाऊक असल्यावाचून गाडी सुखरूप चालत नाही. आज शाळेचा लगाम काही अंशी कायद्याने आपल्या हाती आलेला आहे. तो धरावयाचा कसा, हे समजावून घेण्यासाठी आपण येथे जमलो आहोत.

प्रथम हे पाहू की, आपल्या गावची शाळा कोणाच्या हाती आहे. मूळ खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. आज जळगाव जिल्ह्यात १५ तालुके असून धुळे जिल्ह्यात धुळे, साक्री, शिंदखेडा आणि शिरपूर असे ४ तालुके आहेत. जिल्ह्यास शिक्षणाधिकारी, तालुक्यास गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी, काही शाळांच्या गटावर केंद्रप्रमुख आणि शाळेत मुख्याध्यापक, अशी ही उतरंड आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. हे सर्व आपणांस तोंडपाठ असावे असे नव्हे. परंतु गाऱ्हाणे कोणाकडे न्यावयाचे हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे गाऱ्हाणे पारावरच विरून जाते.

शाळेच्या कामाचे तीन भाग करता येतात. काय शिकवावयाचे, ते कसे शिकवावयाचे आणि शिकलेले कसे तपासावयाचे. या तिन्ही भागांचा निर्णय एकाच ठिकाणी होत नाही.

पहिला भाग अभ्यासक्रमाचा. तो गावात ठरत नाही आणि जिल्ह्यातही ठरत नाही. तो राज्य पातळीवर ठरतो आणि १९६७ साली स्थापन झालेली पुण्याची बालभारती त्याची पाठ्यपुस्तके तयार करते. चाळीसगावच्या मुलाच्या हाती जे पुस्तक पडते तेच पुण्याच्या मुलाच्या हाती पडते. ही समता लहान नव्हे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, अभ्यासक्रमावर एक मोठे बंधनही घातले आहे. अभ्यासक्रम राज्यघटनेतील मूल्यांशी सुसंगत असला पाहिजे, मुलाला भय व दडपण वाटू नये आणि शक्य असेल तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असे त्यात नमूद आहे.

अभ्यासक्रम हा बहुजनांच्या जीवनाशी जुळणारा असावा, ही मागणी महाराष्ट्रात फार जुनी आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळेत वाचन, मोडी व बाळबोध लेखन आणि हिशेब यांबरोबर इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य हे विषय असावेत असे सुचविले होते. शाळांची तपासणी वर्षातून एकदा करणे पुरेसे नाही, ती निदान दर तिमाहीस व्हावी आणि अधिकाऱ्यांनी आगाऊ सूचना न देताही शाळेस भेट द्यावी, असेही त्यांनी सांगितले होते. अभ्यासक्रम आणि तपासणी या दोन गोष्टी जोतीरावांनी एकाच निवेदनात मांडल्या, याचा अर्थ आपण नीट ध्यानी घ्यावा. पुस्तकात उत्तम धडा छापला म्हणजे तो मुलाच्या डोक्यात उतरला असे होत नाही.

येथे खानदेशाची एक खास अडचण आहे. आपल्या घरात अहिराणी बोलतात. जळगावच्या पूर्व भागात लेवा बोली आहे. सातपुड्याच्या अंगास भिल्ली, पावरी, तडवी अशा बोली आहेत. ग्रिअर्सन यांनी हिंदुस्थानातील भाषांची जी पाहणी केली, तीत खानदेशी ही मराठीपासून निराळी म्हणून नोंदविली आहे. अशा घरातील मूल शाळेत येते आणि ‘मनी माय’ असे म्हणते. पुस्तक ‘माझी आई’ असे म्हणते. मूल मुलाला ‘आंडोर’ म्हणत असते, पुस्तकात तो शब्द कोठेही नसतो. शिक्षक समंजस असेल तर तो या दोन शब्दांमध्ये पूल बांधतो. तो समंजस नसेल तर मुलाची बोली म्हणजे मुलाची चूक, असे वर्गात ठरून जाते. मग ते मूल गप्प बसू लागते आणि गप्प बसणारे मूल ‘मंद’ म्हणून गणले जाते. त्यातच २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. इंग्रजी यावयास हवी, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु घरची बोली, शाळेची मराठी आणि इंग्रजी या तीन पायऱ्या सहा वर्षांच्या मुलाला एका दमात चढावयाच्या आहेत, याची जाणीव शिकविणाऱ्यास आणि तपासणाऱ्यास असली पाहिजे. बोली ही लाजेची वस्तू नव्हे. ती मुलाजवळची पहिली पुंजी आहे आणि पुढचे सर्व भांडवल तिच्यावरच उभारावयाचे असते.

दुसरा भाग शिकविण्याचा. येथे मात्र जिल्ह्याचा संबंध थेट येतो. शिक्षक कोठे नेमावयाचा, कोणत्या शाळेची जागा रिकामी ठेवावयाची, कोणाची बदली करावयाची, वर्गावर देखरेख कोणी ठेवावयाची, हे सर्व येथेच घडते. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक हवेत. हे ऐकावयास बरे वाटते. परंतु दोन शिक्षक आणि पाच इयत्ता याचा अर्थ असा की, एका शिक्षकासमोर एकाच वेळी दोन किंवा तीन इयत्ता बसलेल्या असतात. तो तिसरीला गणित सांगत असतो तेव्हा पहिली पाटीवर रेघोट्या ओढीत असते. दोघांपैकी एक रजेवर गेला की पाचही इयत्ता एकाच्या गळ्यात येऊन पडतात. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांव्यतिरिक्त शिक्षकास अन्य कामास जुंपू नये असा कायदा आहे. तरीही कागदपत्रे भरण्यात त्याचा किती वेळ जातो, हे कोणत्याही मुख्याध्यापकास विचारून पाहावे. म्हणून शिक्षकावर सरसकट दोष ठेवणे हे मला न्यायाचे वाटत नाही. खेड्यापाड्यांत इमानाने शिकविणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि आपणही पाहिले असतील. त्यांना पाठबळ देणे आणि कामचुकारास जाब विचारणे, ही दोन्ही कामे पालकांनाच करावयाची आहेत.

गेल्या दशकात धुळे जिल्ह्यात लोकवर्गणी जमवून जिल्हा परिषदेच्या शाळांत डिजिटल वर्ग उभारण्याची मोठी खटपट झाली. गरिबांच्या शाळेत नवे साधन यावे याचा आनंदच आहे. परंतु भिंतीवरचा पडदा मुलाचा हात धरून अक्षर गिरवीत नाही आणि मूल कोठे अडखळले हे त्याला दिसत नाही. ते पाहणारा मनुष्य वर्गात आहे काय, हा पहिला प्रश्न होय.

आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे टोळे गाव सोडतात ते उन्हाळ्यातच परततात. कोणी वीटभट्टीवर जातो. जे गावात राहतात त्यांच्या घरी कापसाच्या वेचणीचे दिवस येतात आणि दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी घरी बसते. शाळेचे वर्ष जूनपासून धरलेले आहे आणि आपल्या पोटाचे वर्ष निराळ्या महिन्यांत चालते. या दोन वर्षांचा मेळ न बसल्यामुळे मूल हळूहळू मागे पडते. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. ते पत्रक घेऊन मूल जेथे जाईल तेथील शाळेत बसू शकते. मूल मागे ठेवावयाचे झाल्यास हंगामी वसतिगृहाची योजनाही आहे. गाव सोडण्यापूर्वी बैलगाडीत भांडीकुंडी चढविताना हे पत्रक मागून घेण्यास विसरू नका, अशी माझी आपणांस विनंती आहे.

आता तिसरा भाग परीक्षेचा. याच्याविषयी आपल्यात सर्वांत अधिक गोंधळ आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

२०१० पासून आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. वर्षाअखेरच्या एका परीक्षेवर सर्व भार न टाकता वर्षभर मुलाचे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक आणि लहान चाचण्या यांतून तो काय शिकला हे पाहावयाचे, अशी ही कल्पना आहे. यांतील वर्षभराच्या कामास आकारिक आणि सत्राअखेरच्या परीक्षेस संकलित असे म्हणतात. आठवीपर्यंत कोणास नापास करावयाचे नाही, असेही कायद्यात होते. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ या वर्षापासून या दोन इयत्तांची वार्षिक परीक्षा सुरू केली. तीत जे मूल उत्तीर्ण होणार नाही त्याला जादा मार्गदर्शन द्यावयाचे, पुन्हा परीक्षा घ्यावयाची आणि तीतही ते उत्तीर्ण न झाल्यास त्याच इयत्तेत ठेवावयाचे, असा नियम आहे. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही. हे वाक्य आपण पदराला गाठ मारून ठेवावे.

याखेरीज काही परीक्षा अशा आहेत की, ज्यांत मूल बसते पण तपासली जाते ती शाळा. देशपातळीवरील संपादणूक सर्वेक्षण २०१७ साली आणि २०२१ साली झाले आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ या नावाने तिसरी, सहावी व नववीच्या मुलांचे झाले. त्यात काही निवडक शाळांतील काही मुलेच बसतात. मुलाला पास-नापास ठरविले जात नाही, जिल्ह्याचे शिक्षण कोठवर आले आहे हे पाहिले जाते. राज्य शासनही २०२३-२४ पासून मुलांच्या नियतकालिक चाचण्या घेते. त्यांतून मूल कोठे अडले हे शिक्षकास कळावे, असा हेतू आहे. या चाचण्यांचे कागद तपासून कपाटात गेले आणि अडलेले मूल अडलेलेच राहिले, तर तो केवळ कागदाचा खर्च होय.

पास-नापासाच्या प्रश्नावर आपल्या वस्तीत दोन मते आहेत, हे मला ठाऊक आहे. जुनी मंडळी म्हणतात की, नापास होण्याचे भय गेले तेव्हापासून मुले अभ्यास करीनाशी झाली, म्हणून परीक्षा परत आली हे बरेच झाले. त्यांच्या म्हणण्यात एवढे तथ्य आहे की, मूल काहीही न शिकता वर ढकलले गेले तर आईबापांची फसवणूक होते आणि ती आठव्या-नवव्या वर्गापर्यंत लपून राहते. परंतु मी त्या मंडळींस असे विचारतो की, १९२७ साली तर वार्षिक परीक्षाही होती आणि नापास करणेही होते. मग १०० पैकी ८२ मुले निरक्षरतेत का परत गेली? भयाने मुले शिकत असती, तर आपल्या आजोबांची पिढी सर्वांत अधिक शिकलेली असती. परीक्षा हा ताप मोजण्याचा काटा आहे. तो आजार दाखवितो, औषध देत नाही. पाच वर्षे ज्या वर्गात शिक्षक पुरा नव्हता त्या वर्गातील मुलाला पाचवीत नापास करणे म्हणजे अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्यास, असे होते. आणि ही शिक्षा प्रथम कोणाच्या मुलास होईल? ज्याच्या घरी शिकवणी लावण्याची ऐपत नाही, जो चार महिने उसाच्या फडात होता, ज्याच्या बोलीला वर्गात हसले गेले, त्याच्या मुलास. तो एकदा लहान मुलांच्या रांगेत जाऊन बसला की लाजेने शाळा सोडील आणि त्याचे नाव त्या जुन्या ८२ मुलांच्या यादीत जाईल.

आज स्थिती पालटली आहे ती अशी की, मुले शाळा सोडून जाण्याऐवजी शाळेत बसूनच निरक्षर राहू लागली आहेत. ‘असर’ या नावाने ग्रामीण भारतात जी पाहणी होते, तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे पाचवीतील निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता आला नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती. जळगावची सुमारे ७८ टक्के, धुळ्याची सुमारे ७३ टक्के आणि नंदुरबारची सुमारे ६४ टक्के होती. म्हणजे पूर्वीचा सबंध खानदेश राज्याच्या मागे होता. या आकड्यांच्या आत आपली घरे आहेत. म्हणून पाचवीच्या परीक्षेची वाट पाहत बसू नका. ती फार उशिरा येते. परीक्षा दुसरीत घ्या, आणि ती घरी घ्या.

आपण म्हणाल की, आम्हांस वाचता येत नाही, आम्ही परीक्षा कशी घेणार? माता-भगिनींनो, आपणांस ती घेता येते. ती अशी. शाळेच्या पुस्तकातील धडा वाचावयास सांगू नका, कारण तो मुलास पाठ असतो. वर्तमानपत्राचा तुकडा द्या, लग्नपत्रिका द्या, हे पाक्षिक द्या, आणि मोठ्याने वाच म्हणून सांगा. ते अडखळते काय, हे कानास कळते. त्यास डोळ्यांची विद्या लागत नाही. नंतर कागद बाजूला ठेवा आणि त्यात काय सांगितले ते आपल्या अहिराणीत सांगावयास सांगा. ज्याला अर्थ कळला आहे तो आपल्या बोलीत सांगेल. ज्याने केवळ अक्षरे जुळविली आहेत तो गप्प बसेल. तिसरीतून बाहेर पडणाऱ्या मुलाने मिनिटास निदान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात, असे ध्येय केंद्र सरकारने २०२१ साली ठरविले आहे. त्यापेक्षा मोठी अपेक्षा मी आपणांस करावयास सांगत नाही.

हिशेबाची परीक्षाही अशीच घ्या. या आठवड्यात किती किलो कापूस वेचला, किलोस दर काय आणि मजुरी किती झाली, हे मुलाकडून काढून घ्या. मुकादमाच्या वहीशी ते ताडून पाहा. यात मुलाची परीक्षा होईल आणि मुकादमाचीही होईल. पाचवीतील मुलास वस्तीतील नळाविषयी ग्रामपंचायतीस पाच ओळींचा अर्ज लिहावयास सांगा. ज्याला हक्काचा अर्ज लिहिता येतो, त्याचे शिक्षण कामी आले असे समजावे.

घरची परीक्षा झाली म्हणजे शाळेची परीक्षा सुरू होते. कायद्याने प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिच्यात निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळेच्या विकासाचा आराखडा करणे आणि मिळालेल्या पैशाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही तिची कामे आहेत. १९२८ साली ज्या कारभाराविषयी बाबासाहेबांनी इशारा दिला, त्या कारभारात आपल्या मुलाच्या आईला बसावयाची खुर्ची आज कायद्याने दिलेली आहे. नवदीक्षित कुटुंबांच्या मनात कधी कधी अशी शंका येते की, धर्म बदलल्याने अशा सवलती गेल्या काय. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचा दर्जा घटनेच्या आदेशात मान्य झालेला आहे. ती शंका मनातून काढून टाकावी.

मात्र खुर्ची मिळाली म्हणजे काम झाले असे नाही. कित्येक ठिकाणी समितीची सभा कागदावर होते आणि आमची बाई स्वयंपाकघरातून येऊन सही किंवा अंगठा करून जाते. चाळीसगावचा टांगा येथे आठवावा. लगाम हाती धरावयाचा तर रस्ता ठाऊक हवा. सभेत जाऊन चारच प्रश्न विचारा. शाळेत मंजूर शिक्षक किती आणि प्रत्यक्षात किती? तिसरीतील किती मुलांना वाचता येत नाही आणि त्यांच्यासाठी काय चालले आहे? गेल्या चाचणीत आमचे मूल कोठे अडले? कामासाठी बाहेरगावी गेलेली मुले परत आल्यावर त्यांचा बुडालेला अभ्यास कोण भरून काढणार? उत्तर मिळाले तर ते सभेच्या वृत्तान्तात लिहून घ्या. उत्तर मिळाले नाही तर तेही लिहून घ्या आणि केंद्रप्रमुखाकडे, तेथे न झाल्यास गटशिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. भांडावयाचे कारण नाही. लिहिलेल्या प्रश्नाला कचेरीत जे वजन असते, ते मोठ्या आवाजाला नसते.

काही कुटुंबे जिल्हा परिषदेची शाळा सोडून, कर्ज काढून, मुलांना इंग्रजी शाळेत घालू लागली आहेत. त्यांची धडपड मी समजू शकतो आणि त्यांना दोष देत नाही. परंतु निर्णय घेण्यापूर्वी तीच घरची परीक्षा त्या शाळेच्या मुलासही लावून पाहा. गणवेश आणि गळपट्टा पाहून शाळा निवडू नका. हेही ध्यानी ठेवा की, आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. तीत निवड झालेल्या मुलास नववीपासून वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नवोदय विद्यालयातील ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी आहेत. ही दारे आपल्यासाठी उघडी आहेत. मात्र तेथवर जाण्यासाठी दुसरी-तिसरीतील वाचनाचा पाया पक्का हवा.

शेवटची गोष्ट विहाराविषयी. प्रत्येक वस्तीत आज विहार आहे किंवा होऊ घातले आहे. सायंकाळी वंदना झाल्यावर तेथील दिवा एक तास अधिक जळू द्या. दहावी-बारावी झालेल्या तरुणांनी पाळीपाळीने दुसरी-तिसरीच्या मुलांना वाचावयास बसवावे. त्यासाठी वर्गणी नको, संस्था नको, उद्‌घाटन नको. एक सतरंजी आणि दहा पुस्तके पुरेत. तथागतांनी आपणांस कोणतीही गोष्ट केवळ कोणी सांगितली म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे शिकविले. जो वाचू शकत नाही तो पारखणार कशाने? दुसऱ्याने सांगितले तेच त्याला मानावे लागते आणि आपण ज्या अवस्थेतून बाहेर पडलो ती हीच होती.

बाबासाहेब १९२७ साली कौन्सिलात आपल्या मुलांचा हिशेब मागावयास उभे होते. आज तो हिशेब मागण्याचा अधिकार प्रत्येक आईच्या हाती आहे. येत्या महिन्यात आपल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीची सभा कधी आहे, एवढे उद्या सकाळी शाळेत जाऊन विचारून या. आणि आज रात्री, निजण्यापूर्वी, मुलाच्या हाती एक कागद द्या व त्यास वाचावयास सांगा.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जयभीम!